छायाचित्राभोवतीचे वर्तुळ

धनादेशावर खाडाखोड असली की तो वटत नाही, हे बँकेच्या जुन्या ग्राहकास वेगळे सांगावे लागत नाही. एके काळी दुरुस्तीच्या जागी खातेदाराने पूर्ण स्वाक्षरी केली की काम भागत असे. भारतीय रिझर्व्ह बँकेने ‘सीटीएस-२०१०’ ही मानके लागू केल्यावर, म्हणजे १ डिसेंबर २०१० पासून, प्रतिमेवरून वटविल्या जाणाऱ्या धनादेशांपुरती तीही सवलत संपली. तारखेची फेरवैधता एवढाच अपवाद उरला. खिडकीमागील कर्मचारी धनादेश अतिनील दिव्याखाली धरतो, अंक आणि अक्षरे ताडून पाहतो, स्वाक्षरी नमुन्याशी जुळवितो. दोन हजार रुपयांच्या कागदासाठी एवढा बंदोबस्त असतो. आणि तोच ग्राहक, क्वचित तोच कर्मचारीही, सायंकाळी घरी परतताना भ्रमणध्वनीवर आलेले एखाद्या अनोळखी मुलाचे छायाचित्र, त्याखालील दोन आरोपदर्शक ओळींसह, चार ठिकाणी पुढे पाठवून मोकळा होतो. या कागदाची तपासणी कोणी केली, असा प्रश्न त्या वेळी त्याच्या मनात येत नाही.

हा प्रश्न वेळीच कोणाला पडला नाही, म्हणून २०१३ साली अमेरिकेतील एका सतरा वर्षांच्या शाळकरी मुलावर जीव मुठीत धरून घरात बसण्याची पाळी आली.

बोस्टनची दुपार

१५ एप्रिल २०१३ रोजी बोस्टन शहराची प्रसिद्ध मॅरेथॉन शर्यत सुरू होती. दुपारी २ वाजून ४९ मिनिटांच्या सुमारास बॉयल्स्टन रस्त्यावर, अंतिम रेषेजवळ, काही सेकंदांच्या अंतराने दोन स्फोट झाले. प्रेशर कुकरमध्ये दारूगोळा भरून ते पिशव्यांतून तेथे आणून ठेवलेले होते. तीन जण मृत्युमुखी पडले, अडीचशेहून अधिक जखमी झाले. कित्येकांना पाय गमवावे लागले. शर्यत पाहण्यास आलेल्या हजारो लोकांच्या हातांत कॅमेरे होते. तपासयंत्रणेने नागरिकांकडून छायाचित्रे व चित्रफिती मागविल्या, आणि त्या तिच्याकडे जाऊ लागल्याच. परंतु तीच छायाचित्रे इंटरनेटवरही सर्वांस खुली होती. तेथे हौशी शोधकांचे थवे जमले. रेडिट या संकेतस्थळावर तर स्फोट घडविणाऱ्यांच्या शोधासाठी एक स्वतंत्र दालनच उघडले गेले.

या मंडळींची रीत साधी होती. गर्दीच्या छायाचित्रात ज्याच्या पाठीवर मोठी पिशवी दिसेल, ज्याची नजर धावपटूंकडे नसेल, त्याच्याभोवती वर्तुळ काढायचे, पिशवीकडे बाण दाखवायचा, शेजारी दोन शब्द लिहायचे आणि ते चित्र पुढे सरकवायचे. शर्यत पाहण्यास येणाऱ्या माणसाजवळ पिशवी असणार, हे कोणी ध्यानात घेतले नाही. त्वचेचा वर्ण गव्हाळ असेल तर वर्तुळ अधिक लवकर पडत असे, हेही येथे नमूद केले पाहिजे.

बोस्टनजवळच्या रिव्हीअर या गावात राहणारा एक सतरा वर्षांचा मुलगा त्या दिवशी आपल्या एका धावपटू मित्रासह शर्यत पाहण्यास गेला होता. तो स्वतः शाळेच्या संघातून धावणारा. त्याचे कुटुंब काही वर्षांपूर्वीच मोरोक्कोहून अमेरिकेत आलेले. वडील बोस्टनमधील एका बेकरीत कामाला. गर्दीत उभ्या असलेल्या या दोघांचे कोणीतरी टिपलेले छायाचित्र हौशी शोधकांच्या हाती लागले. दोघांजवळही पिशव्या होत्या. एवढे पुरेसे ठरले.

१७ एप्रिल रोजी त्या मुलास आपल्याच छायाचित्रावर आपलेच नाव जोडलेले आढळले. येथे त्याने जे केले ते पुष्कळ प्रौढांनाही सुचले नसते. तो लपला नाही. आपण होऊन पोलिसांकडे गेला आणि आपली हकिकत सांगून आला. प्रकरण येथे संपावयास हवे होते. परंतु दुसऱ्या दिवशी, १८ एप्रिलला, ‘न्यूयॉर्क पोस्ट’ या दैनिकाने ते छायाचित्र पहिल्या पानावर मोठ्या आकारात छापले. ‘पिशवीवाले’ अशा अर्थाचा मथळा, आणि शर्यतीच्या ठिकाणी टिपल्या गेलेल्या या दोघांचा केंद्रीय तपासयंत्रणा शोध घेत असल्याचा मजकूर. ज्याचा शोध घेतला जात असल्याचे लक्षावधी वाचकांनी वाचले, तो आदल्या दिवशीच स्वतःच्या पायांनी पोलिसांपुढे जाऊन आला होता.

त्याच दिवशी सायंकाळी तपासयंत्रणेने खऱ्या संशयितांची छायाचित्रे प्रसिद्ध केली. ती दोन निराळीच माणसे होती. तथापि सकाळ आणि सायंकाळ यांच्यामधील ते तास त्या मुलाने कसे काढले असतील, याची कल्पना त्याने वृत्तसंस्थेस सांगितलेल्या एका प्रसंगावरून येते. त्या गुरुवारी शाळेतील धावण्याची स्पर्धा आटोपून तो बाहेर पडला, तो मोटारीत बसलेला एक माणूस त्याच्याकडे टक लावून पाहत दूरध्वनीवर बोलत असलेला त्याला दिसला. मुलगा उलट्या पावली पळत शाळेत शिरला. तो मनुष्य कोण होता, त्याचा याच्याशी काही संबंध तरी होता की नाही, कोणास ठाऊक. आपल्या मुलावर कोणीतरी गोळी झाडील, या धास्तीने वडील ग्रासले होते. पत्नीची आणि दोन लहान मुलींची काळजी वेगळीच. बेकरीतील कामावर जाणेही त्यांना अवघड झाले.

त्याच रात्री आणखी एक अन्याय घडला. भारतीय वंशाचा बावीस वर्षांचा एक विद्यार्थी महिनाभरापासून बेपत्ता होता आणि त्याच्या शोधासाठी कुटुंबीयांनी फेसबुकवर पान उघडले होते. संशयितांपैकी एकाचा चेहरा त्याच्यासारखा दिसतो, असे कोणीतरी म्हटले, आणि त्या पानावर शिव्याशापांचा असा वर्षाव झाला की कुटुंबास ते बंद करावे लागले. काही दिवसांनी त्या तरुणाचा मृतदेह नदीत सापडला. आरोप झाला तेव्हा तो या जगातच नव्हता. रेडिटच्या व्यवस्थापनाने पुढे त्या कुटुंबाची जाहीर क्षमा मागितली.

सतरा वर्षांच्या मुलाने व त्याच्या मित्राने जून २०१३ मध्ये दैनिकाविरुद्ध अब्रुनुकसानीचा दावा दाखल केला. आपण त्यांना संशयित म्हटलेच नव्हते, असा दैनिकाचा बचाव होता. आणि शब्दशः पाहिले तर त्यात तथ्यही होते. परंतु दावा प्रारंभीच फेटाळण्याची विनंती न्यायालयाने मार्च २०१४ मध्ये नाकारली. चित्र, मथळा व मजकूर एकत्र वाचणारा सामान्य वाचक हे दोघे स्फोटाशी संबंधित आहेत असा अर्थ काढू शकतो, असे न्यायालयाचे मत पडले. त्याच वर्षी उभय पक्षांत तडजोड झाली. तिच्या अटी गुप्त राहिल्या.

फेरफार म्हणजे नेमके काय?

येथे एक शंका उपस्थित होऊ शकते. त्या छायाचित्रात खोटे असे काय होते? मुलगा खरा, स्थळ खरे, वेळ खरी, पिशवीही खरी. मग फेरफार कोठे झाला?

बँकिंगच्या विद्यार्थ्यास या शंकेचे उत्तर शोधावयास दूर जावे लागत नाही. परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ च्या कलम ८७ मध्ये ‘महत्त्वाचा फेरफार’ ही संकल्पना आहे. संलेखाचा विधिक परिणाम बदलणारा कोणताही बदल, जर तो मूळ पक्षांचा सामाईक हेतू पार पाडण्यासाठी केलेला नसेल तर, संमती न देणाऱ्या पक्षापुरता तो संलेख निरर्थक करतो. रक्कम दोनाची वीस करणे हा फेरफार आहेच. परंतु रकमेला, नावाला, तारखेला हातही न लावता धनादेशावरील रेखांकन रद्द केल्याचे दोन शब्द खातेदाराच्या नकळत वर लिहिले, तरी तोही महत्त्वाचा फेरफार ठरतो. कागदावरील मूळ प्रत्येक अक्षर शाबूत असते. बदलतो तो कागदाचा परिणाम. छायाचित्राभोवतीचे वर्तुळ हा नेमका याच जातीचा बदल होय.

या विषयावरील इंग्लंडमधील १९१८ चा मॅकमिलन व आर्थर खटला बँक-परीक्षांच्या उमेदवारांना पाठ असतो. कारकुनाने दोन पौंडांचा धनादेश आकड्याच्या दोन्ही बाजूंस जागा सोडून व अक्षरी रक्कम न लिहिता मालकापुढे ठेवला, मालकाने घाईत स्वाक्षरी केली आणि कारकुनाने त्याचे एकशे वीस पौंड केले. जागा मोकळी सोडणे ही खातेदाराची हयगय, असे हाउस ऑफ लॉर्ड्सने ठरविले आणि नुकसान खातेदारावर पडले. बोस्टनच्या मुलास हा न्याय लावता येत नाही. त्याने कागद लिहिलाच नव्हता, मग मोकळी जागा कोठून सोडणार? तो केवळ रस्त्याच्या कडेला उभा होता.

फेरफार चित्राच्या आतच केलेला असेल, तर काय होते याचे उदाहरण त्यानंतर अडीच वर्षांनी घडले. कॅनडात राहणाऱ्या एका शीख तरुणाने स्नानगृहातील आरशासमोर, हातात टॅब्लेट संगणक धरून, स्वतःचे छायाचित्र काढले व ते आपल्या खात्यावर टाकले होते. संगणकीय खेळांच्या क्षेत्रातील एका वादात तो हिरिरीने मते मांडत असे. त्यामुळे रुष्ट झालेल्या कोणीतरी त्या छायाचित्रातील टॅब्लेटच्या जागी कुराणाची प्रत आणि अंगावर स्फोटकांचा पट्टा चढविला, असे वृत्तपत्रांतून नमूद झाले. १३ नोव्हेंबर २०१५ रोजी पॅरिसमध्ये दहशतवादी हल्ले होऊन १३० जण मारले गेले, आणि हे चित्र हल्लेखोराचे म्हणून फिरू लागले. इटलीतील ‘स्काय टीजी २४’ या वृत्तवाहिनीने ते प्रसृत केले, तर स्पेनच्या ‘ला राझोन’ दैनिकाने मुखपृष्ठावर छापले. दोघांनाही नंतर क्षमा मागावी लागली.

हे चित्र सावकाश पाहिले असते तर कोणाही जाणत्यास संशय आला असता. त्यात दिसणारा विजेचा सॉकेट उत्तर अमेरिकेतील धाटणीचा आहे; फ्रान्समधील घरांत तो नसतो. शिवाय चित्र आरशातील आहे, आणि टॅब्लेटचे पुस्तक झाल्यावर ते टिपणारे उपकरण चित्रात कोठेच उरत नाही. पगडी बांधलेल्या शिखाच्या हाती कुराण कसे, ही गोष्ट तर भारतीय वाचकाच्या प्रथमच लक्षात यावी. त्या तरुणाने दिलेला खुलासा अगदी साधा होता: आपण शीख आहोत, कॅनडात राहतो आणि पॅरिसला कधी गेलेलो नाही. यांपैकी कोणतीही गोष्ट त्याला विचारून पडताळणे पाच मिनिटांचे काम होते.

बँकांनी ही विचारण्याची रीत आता नियमातच बसविली आहे. १ जानेवारी २०२१ पासून लागू झालेल्या ‘पॉझिटिव्ह पे’ व्यवस्थेत पन्नास हजार रुपये व त्यावरील धनादेशाचा क्रमांक, तारीख, रक्कम आणि आदात्याचे नाव खातेदाराने बँकेस आधीच कळविण्याची सोय आहे. धनादेश समाशोधनात आला की हा तपशील त्याच्याशी ताडला जातो. कागद कितीही स्वच्छ दिसो, ज्याने तो काढला त्याचेच म्हणणे प्रमाण.

कापलेला शेवट

भर घालून जसा फेरफार होतो, तसा वगळूनही होतो. कराचीतील एका संस्थेने मुलांच्या सुरक्षिततेविषयी जागृती करण्यासाठी एक छोटी चित्रफीत तयार केली होती. रस्त्यावर मुले खेळत आहेत, मोटारसायकलवरून आलेले दोघे त्यांपैकी एकास उचलून नेतात, आणि थोड्याच वेळात त्याला परत आणून सोडतात. मग त्यांच्यापैकी एक जण संदेशाचा फलक उघडून दाखवितो. शेवटचा भाग कापून टाकलेली हीच चित्रफीत भारतात २०१८ मध्ये मुले पळविणाऱ्या टोळीचा पुरावा म्हणून गावोगाव पोहोचली. मूळ चित्रफितीतील एकही दृश्य कोणी बदललेले नव्हते.

अफवांच्या त्याच लाटेत १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे, आठवडी बाजाराच्या दिवशी, जमावाने पाच जणांना ठार मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजाचे, सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढा परिसरातून पोटासाठी फिरत आलेले होते. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठविता येईल, अशी मर्यादा घातली. पाचही पुष्कळ झाले, असे राईनपाड्याची हकिकत वाचताना वाटल्यावाचून राहत नाही.

मुलावर आळ आला तर

आपल्या घरातील अथवा ओळखीतील मुलावर अशा चित्रामुळे आळ आला तर काय करावे? बहुतेक घरांत पहिला प्रश्न मुलालाच केला जातो, “तू काय केलेस?” आणि पहिली कृती म्हणजे त्याचे खाते पुसून टाकणे. दोन्ही घातक आहेत. खाते पुसले की मूळ, अविकृत चित्र आणि ते केव्हा टाकले याची नोंदही दृष्टीआड होते. तुलना करण्यास मूळच नसेल तर फेरफार सिद्ध कसा करणार?

तारेने पैसे पाठविण्याच्या काळात शाखांमध्ये ‘टेस्ट नंबर’ असे. गुप्त संकेतपुस्तकावरून रक्कम, तारीख व शाखा यांचा मेळ घालून एक संख्या काढली जाई. समोरच्या शाखेत तीच संख्या आली तरच पैसे मिळत. तारेतील रक्कम कोणी बदलली की संख्या जुळत नसे. आज संगणकीय धारिकेची ‘हॅश’ संख्या तेच काम करते. धारिकेतील एक बिंदू बदलला तरी ती संपूर्ण निराळी होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ अन्वये इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत द्यावयाच्या प्रमाणपत्रात ही हॅश संख्या नमूद करावी लागते. असे प्रमाणपत्र किती आवश्यक आहे, हे जुन्या कायद्याच्या संदर्भात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्येच सांगितले होते, आणि तो खटला आपल्या जालन्याच्या विधानसभा निवडणुकीतून उद्भवलेला होता. म्हणून मूळ छायाचित्र ज्या उपकरणात आहे ते तसेच जपावे. संदेशसेवेतून एकमेकांस पाठविलेली प्रत आकसून येते. तिची हॅश संख्या मूळ चित्राशी जुळणार नाही.

विकृत चित्र कोठे दिसले त्याचा पूर्ण पत्ता, ते टाकणाऱ्या खात्याचे नाव आणि दिनांक-वेळ यांसह पडद्याची प्रत घ्यावी. त्या माध्यमाच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे, राष्ट्रीय सायबर गुन्हे तक्रार संकेतस्थळावर आणि स्थानिक पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्यावी. बोस्टनच्या मुलाप्रमाणे आपण होऊन पोलिसांकडे जाणे अनेकांना जड वाटते. परंतु ज्याच्यावर आळ आहे तोच प्रथम आला, ही नोंद पुढे फार उपयोगी पडते. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३३६ खाली एखाद्याची अपकीर्ती व्हावी या हेतूने बनावट इलेक्ट्रॉनिक अभिलेख तयार करणे हा तीन वर्षांपर्यंत शिक्षेस पात्र गुन्हा आहे. दुसऱ्याची ओळख वापरून तोतयेगिरी केली असेल तर माहिती तंत्रज्ञान अधिनियमाची कलमे ६६-क आणि ६६-ड यांचाही आधार मिळू शकतो.

मुलगा अठरा वर्षांखालील असेल तर आणखी एक तरतूद आहे, आणि ती फारच थोड्यांना ठाऊक असते. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ नुसार चौकशी, तपास वा न्यायालयीन कार्यवाहीच्या वृत्तात बालकाचे नाव, पत्ता, शाळा किंवा त्याची ओळख पटेल असा तपशील अथवा छायाचित्र देण्यास मनाई आहे. बालक आरोपी असो, पीडित असो वा साक्षीदार, ही मनाई तिघांनाही सारखीच लागू. वृत्तपत्रे व दूरचित्रवाणी यांच्यासोबत ‘इतर संप्रेषण माध्यमे’ही या कलमात आली आहेत. उल्लंघन करणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. अटकेतील शाळकरी मुलाचे छायाचित्र वसाहतीच्या समूहावर पाठविणारे आपले सद्‌गृहस्थ शेजारी या कलमाच्या किती जवळून जात असतात, याची त्यांना कल्पना नसते.

तक्रार झाली, खुलासा झाला, क्षमापत्रेही आली, तरी चित्र नाहीसे होतेच असे नाही. वटवून झालेला धनादेश बँक रद्द करून ठेवते; तो पुन्हा खिडकीवर येत नाही. कॅनडातील त्या शीख तरुणाचे चित्र मात्र परत आले. १४ जुलै २०१६ रोजी फ्रान्सच्या नीस शहरात मालमोटार गर्दीत घुसवून हल्ला झाला, आणि काही तासांतच तेच पुस्तक, तोच पट्टा, तोच सॉकेट असलेले चित्र नव्या हल्लेखोराचे म्हणून फिरू लागले. आपण फ्रान्समध्ये नसल्याचे त्याला पुन्हा एकदा सांगावे लागले.